‘इमाम पोउने रोके देला’: स्लोव्हेनियन भाषेत ‘कामात बुडालोय’ कसं म्हणायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लोव्हेनियन शिकायला घेतलेल्या मराठी माणसाला पहिल्या दोनतीन महिन्यांतच हा वाक्प्रचार भेटतो. शेजारीण म्हणते, सहकारी म्हणतो, बातम्यांत ऐकू येतो. वाक्य चारच शब्दांचं, पण या भाषेचं निम्मं व्याकरण त्यात येऊन जातं. म्हणून नुसता अर्थ पाठ करून पुढे जाऊ नका, थोडा वेळ इथे घालवा.

याचा अर्थ नेमका काय?

शब्दशः सांगायचं तर ‘माझे हात कामाने भरलेले आहेत’. इमाम म्हणजे ‘माझ्याकडे आहे’, पोउने म्हणजे भरलेले, रोके म्हणजे हात आणि देला म्हणजे कामाने किंवा कामाचे. आपण म्हणतो ‘मान वर करायला फुरसत नाही’, ‘हात रिकामे नाहीत’. भाव तोच. मूळ रूपात हा वाक्प्रचार ‘इमेती पोउने रोके देला’ असा सांगतात. इमेती हे क्रियापदाचं मूळ रूप, आणि बोलताना ते माणसाप्रमाणे बदलतं.

पहिल्याच शब्दाला मराठी कान थोडा दचकतो. मशिदीतल्या इमामाशी त्याचा काही संबंध नाही.

उच्चार नीट कसा करायचा? पुस्तकात ‘पोल्ने’ लिहिलंय, लोक ‘पोउने’ का म्हणतात?

कारण व्यंजनाच्या आधी किंवा शब्दाच्या शेवटी आलेला ‘ल’ या भाषेत पुष्कळदा ‘उ’सारखा ऐकू येतो. लांडग्याला लिहितात वोल्क, म्हणतात वोउक. भूतकाळात पुरुष ‘इमेल’ लिहितो आणि ‘इमेउ’ म्हणतो. तेच बाई ‘इमेला’ म्हणते, कारण तिथे ‘ल’नंतर स्वर आला आणि तो ‘ल’ म्हणून टिकला. लिहिलंय तसं ‘पोल्ने’ म्हणालात तरी लोकांना कळतं, पण परकेपणा लगेच जाणवतो.

बाकी उच्चारांत मराठी माणसाची चंगळ आहे. आपल्याकडे दोन ‘च’ आहेत, एक ‘चहा’तला आणि एक ‘चोर’मधला. स्लोव्हेनियनमध्येही हे दोन्ही आहेत आणि त्यांना दोन वेगळी अक्षरं आहेत. चास म्हणजे वेळ, त्यातला च ‘चहा’चा. ‘चोर’मधला च जिथे येतो, तिथे या लेखात ‘त्स’ लिहिला आहे. ‘जोर’मधला ज तर जसाच्या तसा सापडतो. नवा आहे तो ‘टेलिव्हिजन’ या शब्दात ऐकू येणारा घासता आवाज. त्याच्यासाठी इथे ‘झ’ वापरला आहे, पण तो ‘झाडा’तला झ नाही.

‘देला’ म्हणजे काम, की कामाचं? शब्दकोशात तर ‘देलो’ सापडतो.

काम म्हणजे देलो, आणि मराठीतल्या ‘काम’सारखाच तो नपुंसकलिंगी आहे. ‘भरलेला’ या शब्दाला षष्ठी लागते, म्हणून देलोचं देला होतं. संस्कृत शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. पूर्ण या शब्दाबरोबर तृतीयाही चालते आणि षष्ठीही. इथे फक्त षष्ठी उरली. आणि ओळखीचं वाटतं ते उगाच नाही. पोल्न आणि पूर्ण हे शब्द एकाच मुळातून आलेले आहेत.

हेच ‘देला’ प्रमाण सांगणाऱ्या शब्दांनंतरही येतं. वेलिको देला म्हणजे खूप काम, प्रेवेच देला म्हणजे नको इतकं काम, मालो देला म्हणजे थोडं काम. ‘शिवाय’ या अर्थाच्या ब्रेजनंतरही तेच. तिथली एक यमकबद्ध म्हण आहे, ‘ब्रेज देला नी येला’, म्हणजे काम नाही तर जेवण नाही. चारपाच ठिकाणी तोच शब्द त्याच रूपात भेटला की विभक्ती वेगळी घोकावी लागत नाही. तक्ते पाठ करण्यापेक्षा हा रस्ता बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

देलोची पिलावळही मोठी आहे. देलावेत्स म्हणजे कामगार, देलाव्नित्सा म्हणजे कार्यशाळा. नेदेल्या म्हणजे रविवार, ‘काम न करण्याचा’ दिवस, आणि त्याच्या नंतर येतो म्हणून सोमवार पोनेदेल्येक. राजधानी ल्युब्लियानाहून 1959 पासून निघणाऱ्या एका मोठ्या दैनिकाचं नावच ‘देलो’ आहे.

स्लोव्हेनियनमध्ये द्विवचन आहे म्हणतात. हात तर दोन असतात, मग ‘रोके’ हे अनेकवचन का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण. द्विवचन आहे, आणि जिवंत आहे. रोजच्या बोलण्यात, शाळकरी पोरांच्या तोंडीसुद्धा. मिद्वा इमावा म्हणजे आम्हां दोघांकडे आहे, मी इमामो म्हणजे आम्हां सगळ्यांकडे. (हा ‘मी’ म्हणजे ‘आम्ही’ बरं का. आपला मी तिकडे याज असतो.)

पण जे अवयव निसर्गतःच जोडीने असतात त्यांना ही भाषा सहसा अनेकवचन लावते. हात, पाय, डोळे, इतकंच काय, आईवडीलसुद्धा. संस्कृतमध्ये उलट आहे. तिथे हस्तौ, नेत्रे, पितरौ असं द्विवचन हमखास येतं, आणि आठवी ते दहावी संस्कृत घेतलेला मराठी विद्यार्थी त्याच सवयीने इथे ‘पोउनी रोकी’ करून बसतो. व्याकरणाच्या तर्काने सुंदर, पण असं कुणी म्हणत नाही.

‘दोन’ हा आकडा किंवा ‘दोन्ही’ हा शब्द तोंडाने उच्चारला, की मात्र द्विवचन परत येतं. धांदरट माणसाला म्हणतात, त्याला ‘द्वे लेवी रोकी’ आहेत, म्हणजे दोन डावे हात. तिथे रोकी, इथे रोके. हे दोन वाक्प्रचार शेजारी शेजारी लिहून ठेवा. ‘दोन्ही’ला ते ओबा किंवा ओबे म्हणतात, आणि तो आपल्या संस्कृत ‘उभौ’चा नातलग आहे.

क्रियापद कसं चालवायचं?

वर्तमानकाळात असं:

मी – इमाम
तू – इमाश
तो, ती – इमा
आम्ही दोघं – इमावा
तुम्ही दोघं, ते दोघं – इमाता
आम्ही – इमामो
तुम्ही – इमाते
ते – इमायो

‘पोउने रोके देला’ हा भाग कुणासाठीही बदलत नाही. दोघांचे मिळून चार हात झाले, म्हणून तक्रार करू नका.

भूतकाळात पुरुष म्हणतो ‘उचेराय सम इमेउ पोउने रोके देला’, बाई म्हणते ‘उचेराय सम इमेला पोउने रोके देला’. काल माझे हात कामाने भरलेले होते. इंग्रजीतून शिकणारे इथे अडखळतात, कारण स्वतःबद्दल बोलताना लिंग दाखवायची त्यांना सवय नसते. आपण ‘दमलो’ आणि ‘दमले’ म्हणतच मोठे झालेले असतो. भविष्यकाळात मात्र सावध राहा. ‘उद्या जाईन’ आपण कुणीही म्हणतो, पण तिथे उद्याच्या कामालाही लिंग चिकटतं: ‘युत्री बोम इमेउ’ किंवा ‘युत्री बोम इमेला’.

‘सम’ आणि ‘बोम’ हे छोटे शब्द वाक्यात दुसऱ्या जागी बसतात, हेही ध्यानात ठेवा.

कशात गुंतलोय ते सांगायचं असेल तर?

‘बरोबर’ या अर्थाचं स किंवा ज लावायचं आणि पुढचा शब्द तृतीयेत घालायचा. मुलांमुळे हात भरलेत तर ‘ज ओत्रोकी’, घर बदलण्यामुळे तर ‘स सेलीत्वियो’, द्राक्षकाढणीमुळे तर ‘स तर्गात्वियो’.

स कधी आणि ज कधी? पुढचा शब्द अघोष व्यंजनाने, म्हणजे क, त, प, स यांसारख्या घशात कंप न होणाऱ्या व्यंजनाने, सुरू होत असेल तर स, नाहीतर ज. ही व्यंजनं लक्षात ठेवायला तिथल्या शाळांत एक गमतीचं वाक्य शिकवतात, ‘ता सुही श्काफेत्स पुश्चा’, म्हणजे ही कोरडी बादली गळते. त्यातलं प्रत्येक व्यंजन अघोष आहे. कोरडी बादली गळेल कशी, हा प्रश्न शाळेत विचारायचा नसतो.

नुसतं ‘इमाम पोउने रोके’ म्हटलं तर चालेल का?

चालेल, पण मग लोक तुमच्या हातांकडे बघतील. दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या आहेत आणि कुणीतरी दार उघडावं असं वाटत असेल, तर हेच वाक्य बरोबर आहे. कामाचा अर्थ हवा असेल तर देला सोडू नका. क्वचित ‘देला’च्या जागी ‘ओप्राउकोउ’ ऐकू येईल, म्हणजे बारीकसारीक कामांनी भरलेले हात.

ही तक्रार आहे की फुशारकी?

दोन्हींच्या मधलं काहीतरी. स्लोव्हेनियात ‘प्रीदेन’ म्हणजे कष्टाळू असणं ही मोठी शाबासकी मानतात. लहान मुलालाही तेच म्हणून चुचकारतात आणि बायकांसाठी त्याचं प्रीदना होतं. मेहनती माणसाला मुंगीची किंवा मधमाशीची उपमा देतात, आणि ही मधमाशी त्या देशाच्या फार जिव्हाळ्याची आहे. 20 मे हा जागतिक मधमाशी दिवस संयुक्त राष्ट्रांनी 2017 मध्ये ठरवला तो स्लोव्हेनियाच्या आग्रहावरून. 18व्या शतकातला तिथला मधपाळ आंतोन यान्शा याच्या जन्माशी ती तारीख जोडलेली आहे.

अशा ठिकाणी हात कामाने भरलेले असणं म्हणजे रडगाणं नाही. बहुतेक वेळा ती एक साधी माहिती असते, सुरात थोडं समाधान मिसळलेली. खरोखर जीव मेटाकुटीला आला असेल तर लोक दुसरे शब्द काढतात.

ते दुसरे शब्द कोणते?

पहिला, ‘देला इमाम चेज ग्लावो’. काम डोक्याच्या वर गेलंय. इथे मराठी माणूस फसण्याची शक्यता आहे, कारण आपल्याकडे डोक्यावरून गेलं म्हणजे कळलं नाही. तिकडे त्याचा समजण्याशी संबंध नाही, पाणी डोक्यावरून जावं तसं काम वर चढलेलं असतं. आणखी एक खाच. याच वाक्यात देला न घालता एखाद्या गोष्टीचं नाव घेऊन ती ‘चेज ग्लावो’ आहे म्हणालात, तर अर्थ होतो ‘मला याचा वीट आलाय’. साहेबासमोर ही गल्लत परवडणारी नाही.

दुसरा, माझा आवडता, ‘ने वेम, क्ये से मे ग्लावा दर्झी’. माझं डोकं मला कुठे चिकटलंय हेच कळत नाहीये. यात कामापेक्षा गोंधळ जास्त आहे. लग्नघरातल्या यजमानाची अवस्था म्हणा. ‘पोउने रोके देला’ म्हणणारा माणूस कामावर स्वार असतो, हे म्हणणाऱ्यावर काम स्वार झालेलं असतं.

तरुण मंडळी ‘इमाम गुझ्वो’ असंही म्हणतात, ‘गर्दी आहे, धावपळ आहे’ अशा अर्थाने. ते बोलण्यापुरतं ठीक, लेखी नको.

‘जापोस्लेन’ म्हणजे बिझी ना? मग तोच शब्द का वापरू नये?

वापरतात, पण जपून. जापोस्लेनचा पहिला अर्थ नोकरीत असलेला. ‘याज सम जापोस्लेन’ ऐकून समोरचा ‘कुठे?’ असं विचारू शकतो. जासेदेन हा दुसरा शब्द मुळात व्यापलेल्या जागेसाठी आहे, म्हणजे फोनची लाइन, बसमधली खुर्ची, स्वच्छतागृह. माणसालाही लावतात, ‘आज मी मोकळा नाही’ या अर्थाने, आणि ते बरोबरच आहे. तरी शेजाऱ्याशी गप्पा मारताना हातांचा वाक्प्रचारच जास्त ऊबदार वाटतो.

सगळ्यात सोपं हवं असेल तर ‘निमाम चासा’, वेळ नाही. नकार आला की कर्म षष्ठीत जातं, म्हणून चासचं चासा झालं. पण नुसतं एवढंच बोलून थांबलात तर ते तुटक वाटतं.

वरिष्ठांशी किंवा अनोळखी माणसाशी बोलताना चालेल का?

बोलताना खुशाल. तिथेही आपल्यासारखाच तू आणि तुम्हीचा भेद आहे. तुम्ही म्हणून बोलण्याला विकान्ये म्हणतात, तू म्हणून बोलण्याला तिकान्ये. समोर एकच बाई असली तरी विकान्येत भूतकाळ ‘स्ते इमेली’ असा होतो, म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन. विचित्र वाटेल, पण प्रमाण भाषा तेच सांगते.

कुणाला नकार द्यायचा असेल तर वाक्य असं जोडा: ‘झाल इमाम ता तेदेन पोउने रोके देला, लाहको पा नास्लेद्न्यी तेदेन.’ माफ करा, या आठवड्यात हात भरलेत, पुढच्या आठवड्यात मात्र जमेल. शेवटचा पर्याय दिला नाहीत तर समोरच्याला तो नकार कायमचा वाटू शकतो. औपचारिक पत्रात मात्र हात बाजूला ठेवा आणि ‘जारादी ओबिलीत्से देला’ लिहा, म्हणजे कामाच्या रेट्यामुळे. सरकारी उत्तरांतही हाच थाट दिसतो.

कुणी मला हे म्हणालं तर उत्तर काय द्यायचं?

‘साय बो’ म्हणा. होईल सगळं नीट, अशा सुरात. मदतीची तयारी असेल तर ‘ती लाहको काय पोमागाम?’, मी काही मदत करू का? एक छोटा संवाद बघा:

– काको सी? (कशी आहेस?)
– दोब्रो, सामो पोउने रोके देला इमाम. (बरी आहे, फक्त हात कामाने भरलेत.)
– साय बो. (होईल गं.)

दुसऱ्या ओळीत इमाम शेवटी गेलाय. शब्दक्रम लवचीक आहे, आणि ‘पोउने रोके’ पुढे आणले की जोर त्यांच्यावर पडतो.

प्रत्यक्षात हा वाक्प्रचार कुठे ऐकू येतो?

सगळ्यात जास्त बातम्यांत, आणि तेही अग्निशमन दलाबद्दल. वादळ आलं, झाडं पडली, तळघरांत पाणी शिरलं की मथळा जवळजवळ ठरलेला: ‘गासिउत्सी इमायो पोउने रोके देला’. सुमारे 21 लाख वस्तीच्या या देशात बहुतेक आग विझवणारे स्वयंसेवक आहेत. गावोगाव त्यांची मंडळं आहेत आणि त्यांतलं पहिलं 1869 मध्ये मेतलिका या गावात निघालं. शेतकरी, शिक्षक, सुतार, कारखान्यातले कामगार भोंगा वाजला की हातातलं काम टाकून निघतात. ऑगस्ट 2023 मध्ये देशाच्या मोठ्या भागात भीषण पूर आला तेव्हा याच लोकांनी चिखल उपसला, रस्ते मोकळे केले. त्यांच्याबद्दल हे शब्द वाचताना ‘हात’ हा अलंकार राहत नाही. आपले हात आधीच कामात असलेली माणसं दुसऱ्याचं काम हातात घेतात, एवढा सरळ अर्थ उरतो. हा वाक्प्रचार मला पटला तो इथे.

त्याशिवाय सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षकाढणीच्या वेळी ऐकू येतो, विशेषतः पश्चिमेकडच्या गोरिश्का बर्दा आणि विपावा भागांत, तसाच ईशान्येच्या टेकड्यांवर. पुढे 11 नोव्हेंबरला संत मार्तिनचा दिवस येतो, परंपरेने त्या दिवशी द्राक्षाच्या रसाची वाइन होते असं मानतात आणि भरलेल्या हातांना पेला धरायची मुभा मिळते. हिवाळ्यात गावाकडे डुक्कर मारून सॉसेज करण्याचा दिवस असतो, त्याला कोलिने म्हणतात. त्या दिवशी घरात कुणाचेच हात रिकामे नसतात. परीक्षेच्या हंगामात विद्यार्थी हेच म्हणतात, पण त्यांचं किती मनावर घ्यायचं ते तुम्ही ठरवा.

शेजारच्या भाषांतही असंच म्हणतात का?

जवळजवळ शब्दाला शब्द. क्रोएशियन ‘पुने रुके पोस्ला’ म्हणतात, चेक ‘प्ल्ने रुत्से प्रात्से’, पोलिश ‘पेउने रेन्त्से रोबोती’. जर्मनमध्येही हात कामाने भरलेले असतात. मध्य युरोपच्या या पट्ट्यात भाषा बदलत जातात, हात तेच राहतात. क्रोएशियन आधी शिकलेल्यांनी एवढंच जपावं की त्यांचा पोस्ला इकडे आणू नये. स्लोव्हेनियनमध्ये पोसेल हा शब्द धंद्या-व्यवहाराकडे झुकतो.

हातांचे आणखी कोणते वाक्प्रचार यासोबत शिकावेत?

तीन पुरे. ‘दर्झाती रोके क्रीझेम’, हातावर हात ठेवून बसणे, म्हणजे आपल्या वाक्प्रचाराचं बरोबर उलट टोक. ‘जाविहाती रोकावे’, बाह्या सरसावणे, मराठीत आहे तसाच. आणि ‘प्रीती प्राज्निह रोक’, रिकाम्या हाताने येणे. हा तिसरा पाहुणचारासाठी. स्लोव्हेनियन घरी पहिल्यांदा जेवायला जाताना वाइनची बाटली किंवा थोडा खाऊ नेलेला बरा.

सराव कुठे करायचा?

शब्द पडताळायचा असेल तर फ्रान नावाचं मोफत संकेतस्थळ आहे. ल्युब्लियानाच्या फ्रान रामोव्श स्लोव्हेनियन भाषा संस्थेने ते 2014 मध्ये सुरू केलं आणि 1970 ते 1991 या काळात पाच खंडांत निघालेला मोठा शब्दकोशही तिथे शोधता येतो. तिथे ‘रोका’ शोधा आणि नोंद खालपर्यंत वाचा, हातांचे डझनावारी वाक्प्रचार सापडतील. खरी वाक्यं हवी असतील तर गिगाफिदा हा एक अब्जाहून जास्त शब्दांचा लेखी भाषेचा संग्रह आहे. त्यात ‘पोउने रोके’ टाकून पाहा. टाइप करताना अर्थातच ‘ल’ लिहायचा, उच्चारातला ‘उ’ नाही.

शिक्षक हवा असेल तर ल्युब्लियाना विद्यापीठाच्या कला शाखेत परकीयांना स्लोव्हेनियन शिकवणारं केंद्र आहे. त्याच विद्यापीठात 1965 पासून परदेशी मंडळींसाठी उन्हाळी भाषासत्र भरत आलं आहे.

एवढं सगळं लक्षात राहणार नाही. आज किमान काय शिकू?

‘इमाम पोउने रोके देला’ आणि ‘साय बो’. एक तुम्ही म्हणा, दुसरं समोरच्याकडून ऐका, मग उलट करा. विभक्त्या पुढच्या आठवड्यात.